चाळीस अंशांत जमतं, मग घरी का नाही?

वाचक लिहितात: हॉट योगा, म्हणजे मुद्दाम तापवलेल्या खोलीतला योग, सुरू करून चार महिने झाले. आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी सहाचा दीड तासाचा वर्ग. घामाच्या धारा लागलेल्या असताना मी एका पायावर शांत उभी राहते आणि घरी पोचल्यावर मुलाच्या तिसऱ्याच प्रश्नाला त्याच्यावर खेकसते. वर्गाच्या दिवशी तर जास्तच. मॅटवर शिकलेलं आयुष्यात उतरतं म्हणतात, मग माझ्यात का उतरत नाही? दुसरं म्हणजे, चक्कर आल्यासारखं वाटलं तरी मला खाली बसवत नाही. हरल्यासारखं वाटतं. आमच्या शिक्षिका ‘खोली सोडायची नाही’ असं सांगतात. आणि मध्ये सर्दी-तापामुळे तीन आठवडे खंड पडला, परत गेले तर सगळं पहिल्यापासून. यातून मी काही शिकतेय की नुसताच घाम गाळतेय?

---

‘वर्गाच्या दिवशी तर जास्तच’ हे तुम्ही ओघात लिहून गेलात, पण उत्तर तिथूनच सुरू करावं लागेल. ज्या दिवशी दीड तास संयमाचा सराव होतो नेमका त्याच दिवशी संयम सुटत असेल, तर त्याचं कारण स्वभावात शोधण्याआधी शरीरात शोधा. तुम्ही साडेसातला खोलीतून बाहेर पडता, आठच्या सुमारास घरी पोचता. अंगातलं पाणी गेलेलं, मीठ गेलेलं, शेवटचं खाणं दुपारचं. शरीराच्या वजनाच्या दीड-दोन टक्के पाणी कमी झालं की डोकं जड होतं, लक्ष लागत नाही, चिडचिड वाढते. अशा अवस्थेत मुलाचा तिसरा प्रश्न कोणालाही जड जाईल.

हे तपासायला एक वजनकाटा पुरतो. वर्गाआधी लघवीला जाऊन आल्यावर, कमीत कमी कपड्यांत वजन करा. वर्ग संपल्यावर अंग कोरडं करून, ओले कपडे काढून पुन्हा करा. समजा आधी ६२ किलो होतं आणि नंतर ६०.९ भरलं. म्हणजे १.१ किलो कमी, साधारण तेवढंच लिटर पाणी. वर्गात तुम्ही ४०० मिलिलिटर प्यायला असाल तर प्रत्यक्ष घाम दीड लिटर गेला. वजनातली घट १.८ टक्के. हा आकडा दोन-तीन वर्गांत मोजलात की तुमचा स्वतःचा हिशेब कळतो. दुसऱ्या कोणाचा उपयोगी पडत नाही, कारण घामाचं प्रमाण माणसागणिक बरंच बदलतं.

भरपाई करताना कमी झालेल्या वजनाच्या सव्वा ते दीडपट पाणी लागतं, कारण प्यायलेल्यातलं काही लघवीवाटे निघून जातं. वरच्या उदाहरणात हे १.४ ते १.६५ लिटर झालं. ते एका दमात प्यायचं नाही. तीन-चार तासांत, थोडं थोडं, आणि जेवणाबरोबर. नुसतं साधं पाणी भराभर ढोसलं तर रक्तातलं सोडियम खाली जातं. डोकेदुखी आणि मळमळ तेव्हाही होते आणि माणूस ‘पाणी कमी पडलं’ समजून आणखी पितो. जास्त घाम जाणाऱ्यांनी पहिल्या एक लिटरमध्ये पाव चहाचा चमचा, म्हणजे साधारण दीड ग्रॅम मीठ घातलं तरी पुरतं. रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितलं असेल तर हा भाग डॉक्टरांना विचारूनच. वर्गाच्या दोन तास आधी ४०० ते ५०० मिलिलिटर पाणी, आणि पोटभर जेवण वर्गाच्या किमान अडीच-तीन तास आधी. संध्याकाळचा वर्ग असेल तर साडेचारच्या सुमारास काहीतरी हलकं खा. घरी निघण्यापूर्वीही दोन घास पोटात जाऊ द्या.

दोन आठवडे एवढंच करून बघा. चिडचिड निम्म्यावर आली, तर तुमच्या प्रश्नाचा मोठा भाग पाण्याचा आणि भुकेचा होता. यात लाजण्यासारखं काही नाही. गरम खोलीतला हा पहिला आणि सगळ्यांत दुर्लक्षित धडा आहे. मन बिघडलंय असं वाटतं तेव्हा अनेकदा फक्त शरीर रिकामं झालेलं असतं. कामाच्या दिवशी दुपारी चारला सहकाऱ्याच्या मेलला तिरसट उत्तर लिहावंसं वाटतं, तेव्हाही आधी हेच विचारावं: शेवटचं पाणी कधी प्यायलं, शेवटचं खाल्लं कधी?

उरलेल्या निम्म्याबद्दल.

वर्गात शांत राहता येतं हे खरं आहे, पण ते कोणत्या परिस्थितीत, ते नीट पाहा. दार बंद. फोन बाहेर. बोलणारा आवाज एकच, आणि तो पुढे काय करायचं ते सांगतो. योगशिक्षक बिक्रम चौधरी यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेत रुजवलेला जो क्रम बहुतेक हॉट योगा वर्गांच्या मुळाशी आहे, त्यात दोन श्वसनप्रकार धरून २६ प्रकार ठरलेले असतात, सुमारे ४०.६ अंश सेल्सिअस, ४० टक्के आर्द्रता, ९० मिनिटं. आसनं दोनदा, दर वेळी त्याच क्रमाने. उष्ट्रासन (गुडघ्यांवर उभं राहून मागे वाकायचं) कधी येणार आणि सुटका कधी होणार हे आधीच माहीत असतं. शिवाय त्या दीड तासात कोणालाही तुमच्याकडून काही नको असतं. घरी यातलं एकही नसतं. तेव्हा मॅटवरचा संयम हा अजून तुमचा गुण झालेला नाही. तो तुमचा आणि त्या खोलीच्या बंदोबस्ताचा मिळून तयार झालेला आहे. हे ऐकून खट्टू होऊ नका. बंदोबस्त घरी नेता येतो, गुण आपोआप येण्याची वाट बघण्यापेक्षा ते सोपं आहे.

नेता येण्यासारख्या गोष्टी तीनच: ठरलेली वेळ, एका वेळी एकच आवाज, आणि शेवट कधी ते ठाऊक असणं. घरी पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं कपडे बदलणं, पाणी आणि खाणं यांचीच, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. ‘नंतर’ म्हणू नका, घड्याळातली वेळ सांगा: सव्वाआठला अभ्यासाला बसू, पावणेनऊला उठू. मुलांना आणि मोठ्यांनाही ‘थांब जरा’ सहन होत नाही, ‘सव्वाआठला’ सहन होतं. तुम्हालाही उष्ट्रासन सहन होतं त्यामागे ते काही सेकंदांचंच आहे ही खात्री असतेच की.

आता जे खरोखर तुमच्या आत शिकलं जातं, त्याकडे. गरम खोलीचं वैशिष्ट्य असं की क्रम तोच, उष्णता तीच, वेळ तीच. बदलता ते फक्त तुम्ही. त्यामुळे स्वतःत काय बदललंय ते तिथे जितकं स्वच्छ दिसतं तितकं एरवी दिसत नाही. याचा उपयोग करा. उत्कटासनाचा दुसरा भाग घ्या, टाचा उचलून चवड्यांवर बसायचा. मांड्या भाजायला लागतात. तोल जाण्याच्या थोडं आधी काय होतं ते बघा. कोणाचा जबडा आवळला जातो. कोणाचा श्वास अडतो किंवा नाकातून चाललेला तोंडावाटे सुरू होतो. कोणाचे खांदे कानांकडे सरकतात, कोणाच्या पायाची बोटं मॅटला घट्ट धरतात. आसन मोडतं ते नंतर. ही चिन्हं त्याच्या पाच-दहा सेकंद आधी येतात. प्रत्येकाचं पहिलं चिन्ह वेगळं असतं आणि ते सहसा बदलत नाही.

पहिला आठवडा वर्गात फक्त तुमचं पहिलं चिन्ह कोणतं ते शोधा. दुरुस्त काही करू नका. दुसऱ्या आठवड्यात ते दिसलं की एकच गोष्ट: उच्छ्वास लांबवायचा. चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, नाकातून, दोनदा. उच्छ्वासाच्या वेळी हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून तो लांबवला की शरीर निवळायला मदत होते. यात गूढ काही नाही. तिसऱ्या आठवड्यापासून हेच घरी. जबडा तुमचं पहिलं चिन्ह असेल, तर मुलाच्या दुसऱ्या प्रश्नालाच तो आवळलेला सापडेल. तिसऱ्या प्रश्नाची वाट बघू नका. ओरडणं सुरू झाल्यावर श्वास मोजणं म्हणजे तोल जाऊन पडल्यावर आसन सुधारणं. त्याने कोणाचं भलं झालेलं नाही.

सरावाला पूरक एक छोटी गोष्ट. नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब लोंबतो आणि हात आपोआप टॉवेलकडे जातो. तो हात एक पूर्ण श्वास थांबवा. पुसायला मनाई नाही, एका श्वासानंतर पुसा. पुसण्याने तसाही फारसा फायदा नसतो: थंडावा घामाची वाफ होण्यातून मिळतो. एक लिटर घाम पूर्णपणे वाफ होऊन गेला तर शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, आणि टॉवेलने टिपलेला किंवा मॅटवर टपकलेला घाम जवळजवळ काहीच नेत नाही. दमट खोलीत बराचसा घाम टपकूनच वाया जातो. म्हणून ‘आज किती घाम आला!’ हे मेहनतीचं प्रमाणपत्र मानू नका. एका श्वासाची ही सवय मात्र फोन वाजला की, मेसेज आला की, कोणी वाक्य मध्येच तोडलं की जशीच्या तशी वापरता येते.

दुसरा धडा एका पायावर उभं राहण्याचा. दंडायमान जानुशिरासनाचे टप्पे तुम्हाला पाठ असतील. उभ्या पायाची मांडी आवळून गुडघा स्थिर करायचा, दुसरं पाऊल दोन्ही हातांनी धरायचं. मग तो पाय समोर सरळ करायचा. मग कोपरं वाकवून पोटरीच्या खाली न्यायची. शेवटी कपाळ गुडघ्याला. नियम असा की उभा पाय स्थिर नसेल तर दुसऱ्या टप्प्याला जायचंच नाही. पहिला टप्पा पूर्ण साठ सेकंद धरणारी व्यक्ती आसन करते आहे, आणि उभा गुडघा वाकवून कपाळ टेकवणारी करत नाही, फक्त तिचा आरशातला फोटो चांगला येतो. अर्थात ‘गुडघा लॉक करा’ या सूचनेनेही घोळ होतो. ज्यांचा गुडघा मुळातच मागे झुकतो ते त्याला मागे ढकलून सांध्यावर लटकतात. मांडीचा पुढचा स्नायू आवळून गुडघ्याची वाटी वर खेचली गेली पाहिजे, वजन टाचेत न जाता पूर्ण तळव्यावर पसरलं पाहिजे. स्नायू ढिला आणि गुडघा मागे, असं असेल तर गुडघा किंचित वाकवून ठेवलेला बरा.

हा टप्प्यांचा नियम तुमच्या ‘आयुष्यात उतरवण्याच्या’ इच्छेलाही लागू करा. पत्रावरून तुम्हाला एकाच वेळी शांत आई आणि न बसणारी विद्यार्थिनी व्हायचंय असं दिसतं. पाणी आणि खाणं हा पहिला टप्पा. तो डळमळत असेल तोवर श्वास, चिन्हं वगैरे पुढचं घेऊ नका.

आता खाली बसण्याचा प्रश्न. इथे माझं मत ठाम आहे: चक्कर येत असताना उभं राहणं ही चिकाटी नाही, चुकीचं मोजमाप आहे. उष्णतेत शरीर थंड राहण्यासाठी त्वचेकडे जास्त रक्त पाठवतं, रक्तवाहिन्या रुंदावतात, घामाने रक्तातलं पाणी कमी होतं आणि उभं राहिल्याने पायांत रक्त साचतं. मेंदूकडे जाणारं रक्त कमी पडलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. पादहस्तासनातून (उभ्याने पुढे वाकून पायांपर्यंत जायचं) झटकन वर येताना आणि उष्ट्रासनातून परतताना हे सर्वाधिक होतं. पादहस्तासनातून गुडघे वाकवून, सावकाश, डोकं सगळ्यांत शेवटी वर घ्या. उष्ट्रासनात मान मागे टाकण्याआधी छाती उचला, परत येताना घाई करू नका आणि आल्यावर लगेच शवासनात जा.

खोलीत ज्या गोष्टी सहन करायच्या त्या अशा: मांडी भाजणं, घाम डोळ्यांत जाणं, कंटाळा, ‘आता पुरे’ असं वाटणं, नाकातून चालणारा पण वेगवान श्वास. ज्या सहन करायच्या नाहीत त्या अशा: अंधारी, मळमळ, ठणकणारं डोकं, गरम खोलीत अंगावर येणारा शहारा किंवा थंडी, बसल्यावरही न उतरणारी धडधड, सांध्यात किंवा मांडीच्या मागे वर, बसायच्या हाडाजवळ टोचल्यासारखी कळ. पहिल्या यादीत श्वास घेऊन थांबा. दुसऱ्या यादीतलं काहीही दिसलं की लगेच गुडघ्यांवर किंवा मांडी घालून बसा. अंधारी असेल तर आडवं व्हा. दोन मिनिटांत उतरलं नाही तर बाहेर, आणि एकटं नाही, कोणाला तरी सोबत घेऊन. कारण घेरी आलेला माणूस दारापर्यंत चालताना पडतो. बोलणं असंबद्ध झालं किंवा माणूस गोंधळला तर तो उष्माघात समजून ताबडतोब शरीर गार करायचं आणि रुग्णवाहिका बोलवायची. तिथे वाट बघणं नाही.

या दोन याद्या वेगळ्या ओळखता येणं, हे मला हॉट योगाचं सगळ्यांत मोलाचं शिक्षण वाटतं. गरम खोलीत जे फक्त ‘सोसायला’ शिकतात ते बाहेर जाऊन नको त्या गोष्टी सोसतात: रात्री अकराला येणारे कामाचे फोन, महिनाभर दुखणारा खांदा, अपमान करणारं नातं. त्यांना अवघड आणि घातक यांत फरकच उरत नाही. तुम्ही घरीही अशा दोन याद्या करू शकता. मुलाचे प्रश्न पहिल्या यादीतले. रोज साडेपाच तासच झोप मिळणं दुसऱ्या यादीतलं.

‘हरल्यासारखं’ वाटण्यामागे एक गैरसमजही आहे, की उष्णता म्हणजेच लाभ. टेक्सस स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका गटाने हाच क्रम बारा आठवडे ४०.५ अंशांत केला आणि दुसऱ्याने २३ अंशांत. रक्तवाहिन्यांच्या प्रसरणक्षमतेत दोन्ही गटांत सारखीच सुधारणा दिसली. एका वर्गात हजार कॅलरी जळतात असं सांगतात तेही सोडून द्या. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात मोजलं तेव्हा ९० मिनिटांत पुरुषांच्या सरासरी ४६० आणि स्त्रियांच्या ३३० भरल्या. घामावाटे ‘विष बाहेर पडतं’ म्हणणाऱ्यांनाही नम्रपणे सोडून द्या, ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. आणि उष्णतेत स्नायू सैल वाटतो, ताण सहज सोसला जातो, म्हणून आपण हद्द ओलांडतो. दुखतं दुसऱ्या दिवशी. पूर्ण ताणाच्या ऐंशी टक्क्यांवर थांबायची सवय लावा.

तीन आठवड्यांच्या खंडाबद्दल. शरीर उष्णतेला सरावायला साधारण सात ते चौदा दिवसांचा नियमित संपर्क लागतो: रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं. हा सराव बंद पडला की तीन-चार आठवड्यांत बराचसा ओसरतो. तुम्ही परतलात तेव्हा वाटलेलं ‘शून्य’ या सरावाचं होतं. आसनांची समज, तोल, क्रम हे इतक्या लवकर जात नाहीत. वर्ग जड गेला असेल, पण तोल किती वेळ राहिला ते आठवून बघा. परतताना पहिले दोन वर्ग दाराजवळची जागा घ्या, तिथे बहुधा हवा जरा बरी असते. प्रत्येक आसन एकदाच करा, दुसऱ्या वेळी उभं राहून श्वास घ्या. तिसऱ्या-चौथ्या वर्गात दुसरी वेळ सुरू करा. ताप उतरल्यावर किमान दोन दिवस खोलीत पाऊल टाकू नका, आणि आदल्या रात्री मद्य घेतलं असेल तर त्या दिवशीही नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या, अॅलर्जीची काही औषधं आणि नैराश्यावरची काही औषधं उष्णता सहन करण्याच्या शक्तीवर परिणाम करतात. गर्भारपण आणि हृदयविकार यांत डॉक्टरांच्या परवानगीशिवाय गरम खोली नकोच.

राहता राहिल्या शिक्षिका. ‘खोली सोडू नका’ या सूचनेमागे एक शहाणपण आहे: घाबरून एकदम उठणारा माणूस वाटेत पडतो, त्यापेक्षा तिथेच आडवा झालेला बरा. पण ती सूचना आजारी वाटणाऱ्या माणसाला कोंडायला नाही. पुढच्या वर्गाच्या दहा मिनिटं आधी जाऊन सरळ सांगा: ‘मला अंधारी येते. आली की मी आडवी होणार, आणि दोन मिनिटांत बरं वाटलं नाही तर बाहेर जाणार. तेव्हा कोणीतरी माझ्यासोबत यावं.’ चांगल्या शिक्षिका हे ऐकून तुमची जागा दाराजवळ करतील आणि वर्गभर तुमच्यावर नजर ठेवतील. वाद घालू लागल्या तर वर्ग बदला.